मिठीत ओढलेली दोरी

लेलंड प्रुइटला लॅक्रॉसची, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने चेंडू झेलत-फेकत गोल करायच्या खेळाची, शिसारी आली होती, आणि एकवीस वर्षं पंचगिरी केल्यावर ती येणारच. आज त्याचा शेवटचा सामना. जिंकेल ते कॉलेज स्पर्धेत पुढे जाणार होतं. लेलंडला मात्र एवढंच हवं होतं, की आज एकदा तरी कानाडोळा करायचा नाही.

काठीच्या टोकाची जाळी खोल असली की चेंडू आत अडकून बसतो, समोरच्याने कितीही फटके मारले तरी निसटत नाही. म्हणून नियम असा, की काठी उलटी केल्यावर चेंडू आपसूक पडला पाहिजे. गोल झाला की पंच काठी मागू शकतो. मग ही सोज्वळ पोरं काय करतात? गोल मारणाऱ्याच्या गळ्यात पडतात आणि मिठीतल्या मिठीत जाळीची दोरी ओढून ती उथळ करतात. गोल झाल्यावर तपासणीआधी दोरीला हात लावला तर गोल रद्द, हे प्रत्येकाला पाठ असतं. असल्या शेकडो मिठ्या पाहून लेलंड मूग गिळून बसला होता.

नऊ-नऊ बरोबरी. चाळीस सेकंद उरले असताना यजमानांच्या कोल्बी एम्सने गोल मारला. चौघं त्याच्यावर झेपावले, आणि त्या घोळक्यात लेलंडला दोरी ओढणारी दोन बोटं स्पष्ट दिसली.

"काठी दे."

"घ्या की सर." कोल्बी निवांत होता.

लेलंडने काठी उलटी केली. चेंडू टपकन पडला.

"दोरी कोणी ओढली?"

"कसली दोरी, सर? आता मित्राने मिठीही मारायची नाही का?"

दुसरा पंच गस फिओरेला जवळ येऊन पुटपुटला, "चेंडू पडला ना बाबा? मग सोड. आपल्याला या गर्दीतूनच गाडीपर्यंत चालत जायचंय."

"मी पाहिलंय, गस."

"मीही पाहिलंय. तू तर एकवीस वर्षं पाहतोयस. आजच कसा रे साधू झालास?"

लेलंडला स्वतःचीच किळस आली. त्याने दोन्ही हात हलवून गोल रद्द केला. प्रेक्षकांतून आईबहिणीवरून शिव्या आल्या, सोड्याचा भरलेला पेला पाठीवर येऊन फुटला.

"शाबास, पंच!" पाहुण्यांचा कोच हॅनरॅटी टाळ्या पिटत होता. "आहे बाबा, अजून कोणीतरी सच्चा आहे!"

निदान एकाला तरी पटलं, म्हणून लेलंड वळला. हॅनरॅटीच्या मागे त्याची दहा-बारा पोरं माना खाली घालून आपापल्या काठ्यांच्या दोऱ्या ओढत होती.

"आमच्याही बघा की! हवी ती उचला!" हॅनरॅटी म्हणाला, आणि मागे वळून हळूच, "झालं का रे?"

लेलंडने तीन काठ्यांत चेंडू टाकून त्या उलट्या केल्या. तिन्हींतून चेंडू टपाटप पडले. त्यांचा गोल नव्हता झालेला, त्यामुळे दोऱ्या ओढणंही नियमात बसत होतं.

तो गवतावर थुंकला आणि त्याने उरलेल्या चाळीस सेकंदांसाठी शिट्टी वाजवली.