बेलभंडाराच्या तबकडीने न ऐकलेले नाव

मित्रांनो, कोनाड्यात पालथी पडलेली ही हिरवट तांब्याची तबकडी म्हणजे मी. धारच्या तुकाराम तांबटाने मला घडवले. ठोकताना तो काहीतरी गुणगुणत असे, म्हणूनच की काय, माझा नाद गोड होता.

पुढे मी देवासला, टेकडीखालच्या एका कचेरीत आले. माझ्यात बेलाची पाने आणि हळदीचा भंडारा ठेवत. सरकारी कामाचा मक्ता घ्यायला जो येई, त्याने त्यावर हात ठेवायचा आणि चारचौघांत मोठ्याने सांगायचे, की धंद्यात आपला भागीदार कोण आणि या कचेरीत आपल्या नात्याचे कोण. नातेवाईक असला म्हणून मक्ता जात नसे बरे का. फक्त त्या नातेवाइकाने तो माल तपासायचा नाही, दुसऱ्याने तपासायचा.

तेलाच्या मक्त्याला मालोजी आला, तेव्हा त्याने साडू, मेहुणा, चुलतसासरा असे सगळेच सांगून टाकले. "अरे भिया, मग तुझं तेल बघायला इंदूरहून माणूस बोलावू का?" असे कारभारी भैयासाहेब म्हणाले आणि कचेरी हसली. ते माझे सुखाचे दिवस. मला रोज चिंचेने घासत.

मग गाठीच्या तापाचे, म्हणजे प्लेगचे, साल आले. माणसे गाव सोडून माळावर राहायला निघाली. त्यांच्यासाठी छपऱ्या बांधायच्या होत्या. त्या मक्त्याला जमुनाबाई आल्या. लाकडाची वखार त्यांच्या नावावर होती, पण चालवत त्यांचे यजमान दत्ताजी. आणि दत्ताजी आमच्याच कचेरीत बांधकामाचा माल तपासायला होते.

जमुनाबाईंनी पदर पुढे ओढून माझ्यावर हात ठेवला. भागीदार कोण, नात्याचे कोण, कारकुनाने विचारले. बाई गप्प. नवऱ्याचे नाव बाईने घ्यायचे नाही, अशी रीत. भैयासाहेबांना वाईट वाटले.

"राहू द्या हो. सगळ्यांना ठाऊक आहे. परक्या पुरुषांत बाईमाणसाला नाव घ्यायला लावता का?"

कोणाच्याही मनात वाईट नव्हते. पण नाव उच्चारले गेले नाही, म्हणून दुसरा तपासणारा नेमला गेला नाही. दत्ताजींनी आपल्याच वखारीतले खांब आपणच पाहिले आणि पसंत केले. खांबांना आतून वाळवी लागली होती.

वैशाखात माळावर वावटळ उठली आणि कडेची छपरी कोसळली. आत इंदू नावाची लहान पोर निजली होती. तिची आई सुभद्रा पाण्याला गेली होती; ती परतली तोवर पोर दगावली होती.

सुभद्रा कचेरीत आली ती रडत नव्हती.

"तापातून उठली होती माझी पोर. सकाळी पेज मागून खाल्ली तिनं. तो खांब कुणी पाहिला होता, तेवढं सांगा मला."

सगळ्यांना ठाऊक होते. भैयासाहेब भिंतीकडे पाहत राहिले.

दाराशी उभ्या असलेल्या जमुनाबाई पुढे आल्या. त्या दिवशी माझ्यात बेल नव्हता, भंडाराही नव्हता. माझ्या रिकाम्या पत्र्यावर त्यांनी तळवा टेकला.

"दत्ताजी," त्या मोठ्याने म्हणाल्या. "माझे यजमान. त्यांनीच पाहिला."

मित्रांनो, तेच नाव ऐकायला मी तिथे होते, आणि ते मला केव्हा ऐकू आले पाहा.

दत्ताजींची नोकरी गेली. मला कोणीतरी अपशकुनी म्हटले आणि इथे आणून टाकले. आता मक्ता देताना काय विचारतात, विचारतात तरी का, ते इथवर ऐकू येत नाही.

मला घासून लख्ख करा असे मी म्हणत नाही. पण बाळांनो, उद्या तुमच्यातलेही कोणी कचेरीत बसेल. 'सगळ्यांना ठाऊक आहे' असे कोणी म्हणाले, तर त्याला थांबवा. जे ठाऊक आहे ते मोठ्याने बोलायला लावा, कितीही अवघड वाटले तरी. छपरीखाली कोणाचे तरी मूल निजायचे असते.