भिंगरीचं दत्तकविधान

हंबीररावांनी तपकिरी कुत्र्याला दोन्ही बगलांत हात घालून उचललं आणि पाटावर बसलेल्या बसवंताच्या मांडीवर अलगद ठेवलं. कुत्र्याने क्षणभर विचार केला आणि बसवंताचं नाक चाटलं.

"दिला?" बिंदुमाधव भटजींनी विचारलं.

"दिला," हंबीरराव म्हणाले.

"घेतला?"

"घेतला की. पण आधी ह्याला सांगा, नाक सोड म्हणून."

"आईची संमती?"

बसवंताची बायको पदराआडून हसत होती. "आता घरधन्याला चाटूनच बसलाय म्हटल्यावर मी कोण नाही म्हणणार?"

भटजींनी दोघांच्या आणि कुत्र्याच्या डोक्यावर अक्षता टाकल्या. मारुतीच्या देवळासमोरचं पटांगण हसलं. चिंचेच्या झाडाला टेकून उभा असलेला विठोजीही हसला असावा. निदान त्याचे ओठ हलले. लोक हसले की ओठ हलवायचे, लोकांनी तोंड पाडलं की मान हलवायची, एवढं त्याला जमायला लागलं होतं. त्यापलीकडं काही लागत नाही हेही त्याच्या ध्यानात आलं होतं.

त्या काळी कृष्णराजपुरम म्हणजे बंगळूरपासून आगगाडीने जायचं एक लहानसं गाव. टेलिफोनचा कारखाना निघाल्यापासून बेळगाव-निपाणीकडची बरीच माणसं तिथं येऊन राहिली होती. गावात माणसांपेक्षा कुत्री जास्त आहेत, असं मराठी मंडळाचे अध्यक्ष हंबीरराव सांगत. कुत्री त्यांनी स्वतः मोजली होती. माणसं मोजायची तेवढी राहिली होती. हंबीरराव पलटणीतून सुटून आलेले, त्यामुळे त्यांचं बोलणं कुणी तपासून बघत नसे.

आषाढात पोस्टमनला कुत्रं चावलं आणि गावात कुत्रागाडी फिरायला लागली. गाडीत गेलेलं कुत्रं परत आलेलं कुणी बघितलं नव्हतं. गाडीवरचा मल्लाप्पा तसा भला माणूस. 'ज्याला घर आहे त्याला मी हात लावत नाही,' असं तो सांगायचा. पण माणसं त्याला फसवायची. गाडी दिसली की 'आमचं आमचं' म्हणून धावत यायची, आणि तेच कुत्रं उद्या कुणाची पोटरी धरायला गेलं की 'कुणाचं काय ठाऊक' म्हणून दार लावून घ्यायची. शेवटी मल्लाप्पाने हंबीररावांना गाठून हात जोडले.

"अण्णा, स्वल्प माझंबी ऐका. ज्याला कुत्रं पाहिजे त्यानं देवासमोर, चारचौघांत घ्यावं. तुमच्यात पोरगं दत्तक घेतात तसं. मग कुणी नाही म्हणणार नाही. सरी? बरोबर ना?"

मल्लाप्पाने ते सहज म्हटलं होतं. पण मंडळाला गणपती उठल्यापासून काही काम नव्हतं, आणि भटजी कारखान्याच्या गोदामात नटबोल्ट देऊन देऊन कंटाळले होते. त्यांनी ते मनावर घेतलं. दत्तक म्हटलं की देणारा लागतो, घेणारं जोडपं लागतं, मांडीवर द्यावं लागतं, अक्षता लागतात. उनाड कुत्र्यांचा मायबाप कोण, यावर मंडळाची एक सबंध बैठक गेली. त्यात दोघांचं भांडण होऊन बोलणं बंद झालं. अखेर मंडळ म्हणजेच मायबाप असं ठरलं, आणि देण्याचं काम हंबीररावांकडं आलं.

आज त्या दत्तकविधानाचा रविवार होता. कुत्री एकामागून एक घरं धरत होती. देवळाच्या पायरीवर मल्लाप्पा फासाची काठी आडवी ठेवून बसला होता आणि मंडळाने दिलेला शिरा खात होता. उद्या गाडी या आळीत येणार होती.

विठोजीच्या मागे शेजारच्या कस्तुराबाई पान चघळत उभ्या होत्या. दोन कुत्री त्यांनी सकाळीच घेतली होती. तिसरं घेतलंस तर मीच त्या गाडीत जाऊन बसेन, असं त्यांच्या नवऱ्याने सांगितलं होतं.

"राहिलं का अजून कुठलं?" हंबीररावांनी विचारलं.

एकच राहिलं होतं. पटांगणाच्या मधोमध, उन्हात, भिंगरी बसली होती.

भिंगरी म्हणजे विठोजीच्या बायकोची, ठकूबाईची कुत्री. ठकूबाईची म्हणजे काय, तर ती दुपारी मागच्या दारी यायची, ठकूबाई उंबऱ्यावर बसून तिला भाकरी घालायची आणि तिच्याशी तासभर बोलायची. भिंगरीचा मागचा एक पाय मालगाडीखाली गेला होता. वळायला लागली की ती स्वतःभोवती एक फेरी घ्यायची, म्हणून ते नाव. तीन पायांवर ही कुत्री दर आठवड्याला आगगाडीत चढते, बंगळूरला शिवाजीनगरच्या खाटकांकडं जाते, संध्याकाळच्या गाडीने परत येते, आणि तिकीट तपासनीस स्वतः उठून तिला जागा देतो, असं ठकूबाई सांगायची. कुणी हसलं तर उजवा हात कमरेवर ठेवून म्हणायची, "शपथ!" ठकूबाईच्या शपथेला गावात काडीची किंमत नव्हती. गोष्टीला मात्र होती. नळावर बायका घागरी भरून झाल्या तरी उभ्या राहायच्या.

पावसाळा लागता लागता ठकूबाई तापाने गेली. विठोजीने मागचं दार लावलं आणि कडी घातली. भिंगरी तरीही दुपारी यायची, दार खरवडायची. रविवारी विठोजी घरी असला की तो आवाज त्याच्या कानावर पडायचा. कारखान्यात त्याचं काम टेलिफोनची घंटी तपासायचं होतं. तयार झालेलं यंत्र समोर यायचं, तो तार जोडायचा, घंटी वाजायची, तो यंत्र पुढं सारायचा. दिवसभर घंट्या वाजायच्या आणि कुणी उचलायचं नाही. मागच्या दाराचं खरवडणं त्याला तसलंच वाटायचं. वाजतंय, म्हणजे ठीक आहे.

"तीन पायांची आहे, म्हणजे खायलाही कमी लागेल!" हंबीररावांनी भिंगरीची तरफदारी केली. "कोण घेतंय?"

कुणी आभाळाकडं बघितलं, कुणी चपलेचा अंगठा नीट केला. म्हातारी, लंगडी, अंगावरचे केस गेलेली कुत्री. बसवंताने आपल्या तपकिरी कुत्र्याला दोन्ही हातांनी घट्ट धरलं, जणू तेच कुणी मागतंय.

मल्लाप्पाने शिऱ्याचं पान चाटून बाजूला ठेवलं आणि काठी हातात घेतली. "नसेल कुणी तर सांगा अण्णा. उद्या आणि कशाला, आजच नेतो. तिलाबी त्रास नको."

भिंगरी उठली, स्वतःभोवती एक फेरी मारली आणि पुन्हा बसली. विठोजी तिच्याकडं बघत होता. आपल्याला आता काहीतरी वाटायला हवं, हे त्याला कळत होतं. बाजाराच्या दिवशी पिशवी घरी राहिल्याचं वाटेत कळावं, तसं.

"विठोजी," कस्तुराबाई मागून हळूच म्हणाल्या.

"अक्का, मला नको."

"तुला पाहिजे का म्हणून कोण विचारतंय? तू काही बोलू नकोस. नुसता त्या पाटावर जाऊन बस. बसायला काय लागतंय?"

गेले कित्येक दिवस तो असाच चालला होता. जेव म्हटलं की जेवायचा, झोप म्हटलं की डोळे मिटायचा. तो गेला आणि पाटावर बसला.

हंबीररावांनी मिशीवरून हात फिरवला आणि भिंगरीला उचलायला वाकले.

"थांबा," भटजी म्हणाले. "जोडपं लागतं."

"अहो भटजीबुवा!"

"अहो म्हणून कसं चालेल? आज एकाला सूट दिली की उद्या मल्लाप्पाच म्हणेल, विधी अर्धा झाला, कुत्रं माझं. काय रे?"

"मी काय म्हणणार स्वामी," मल्लाप्पा म्हणाला. "मला शिरा पोचला."

"मग ह्याचं जोडपं मी आणू कुठून?" हंबीरराव पलटणीतल्या आवाजात ओरडले. आणि काय बोलून गेलो हे ध्यानात येताच त्यांनी मान खाली घातली.

भटजींनी पिशवीत हात घातला. बराच वेळ चाचपून एक सुपारी काढली, उपरण्याने पुसली आणि विठोजीसमोर धरली.

"शास्त्रात सोय आहे," ते जरा मऊ आवाजात म्हणाले. "मंडळी नसली की सुपारी लावतात. उजव्या बाजूला कमरेला खोचा. ही तुमची मंडळी."

विठोजीने सुपारी घेतली आणि धोतराच्या काठात, उजव्या कुशीला खोचली. सगळी बघत होती. बायकांनी पदर नीट केले, जणू ठकूबाई खरंच येऊन बसली आहे.

हंबीररावांनी भिंगरी त्याच्या मांडीवर ठेवली. ती दिसते त्यापेक्षा जड होती. तीन पायांना बसायला जागा सापडेना, म्हणून ती त्याच्या उजव्या अंगावर रेलली. सुपारी त्याच्या बरगडीखाली रुतली. चांगलीच टोचली. विठोजीने खाली बघितलं. पावसाळ्यापासून त्याला काही टोचलं नव्हतं. स्वयंपाक करताना बोट भाजलं तेव्हासुद्धा वास आल्यावर कळलं होतं.

"दिली?"

"दिली."

"घेतली?"

विठोजीचा हात भिंगरीच्या पाठीवर होता आणि तो तिथं कुणी ठेवायला सांगितलेला नव्हता. भटजींनी तेच उत्तर धरलं.

"आईची संमती?"

सवयीने तोंडून गेलं. भटजींनी जीभ चावली. बसवंताच्या बायकोने दुसरीकडं बघितलं. चिंचेवरचे कावळेसुद्धा गप्प झाले, असं पुढं लोक सांगायचे, पण त्या झाडावर कावळे बसतच नसत.

भिंगरीने मान वळवली आणि नाक नेमकं त्याच्या कमरेशी नेऊन एक मोठा श्वास घेतला.

"आहे म्हणते," विठोजी म्हणाला.

भटजींनी घाईघाईने अक्षता टाकल्या. काही भिंगरीच्या कानात गेल्या, तिने कान झाडले, आणि माणसं पुन्हा बोलायला लागली. मंडळाचा कार्यक्रम पार पडला. हंबीररावांनी आभार मानताना भाषण केलं. ते लांबलं तेव्हा तपकिरी कुत्रं भुंकलं, आणि ते थांबले.

लोक पांगायला लागले तेव्हा भटजी विठोजीपाशी आले.

"ती सुपारी द्या. विधी झाला, आता ती सोडायची असते. ठेवून घ्यायची नाही."

विठोजीने कमरेवर हात ठेवला. तिथं ती होती, कडक, गोल.

"पडली वाटतं," तो म्हणाला.

"पडली? कुठं पडली?"

"काय की. उठताना पडली असेल."

मग शोधाशोध सुरू झाली. हंबीररावांनी पटांगणाचे चार भाग करून माणसं वाटून दिली. बसवंताने पाट उलटा करून बघितला. मल्लाप्पा फासाच्या काठीने गवत चाळायला लागला. भटजी सतरंजीवर गुडघे टेकून हाताने चाचपत होते. मधोमध विठोजी उभा होता, आणि भिंगरी त्याच्याभोवती फेरी घेऊन घेऊन प्रत्येक वेळी त्याच्या उजव्या कमरेशी थांबत होती, नाक लावत होती, वर बघत होती. आंधळ्याला दिसावं इतकं ते स्वच्छ होतं. विठोजीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

कस्तुराबाईंनी ते बघितलं. त्यांनी तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं.

"काय शोधताय हो भटजीबुवा?"

"सुपारी! विधीची सुपारी!"

"ती होय? पाटाशेजारी पडली होती ती? ती मी खाल्ली की."

भटजी गुडघ्यांवरच राहिले. "खाल्लीत?"

"हे बघा." त्यांनी लालभडक जीभ दाखवली. "अडकित्त्यानं कातरली आणि घातली पानात. जरा जून होती."

"अहो कस्तुराबाई, ती... ती सुपारी नव्हती! ती त्यांची..." भटजींना शब्द सापडेना. "ती वहिनी होत्या!"

"असू दे की. जिवंतपणी मी तिचं डोकं खाल्लं, तिनं माझं. त्यात आता हे एवढं काय?" त्या पिचकारी टाकायला वळल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "विठोजी, घरी जा. पोरीला भूक लागली असेल."

भटजींनी तीन वेळा आचमन केलं. शास्त्रात याला सोय होती की नाही, कोण जाणे. त्यांनी ती शोधली नाही.

सोमवारी दुपारच्या सुमाराला कुत्रागाडी त्या आळीत आली. तपकिरी कुत्रं बसवंताच्या ओट्यावरून तिच्यावर भुंकलं. मल्लाप्पाने घरं बघत बघत गाडी मागच्या बोळात घातली.

विठोजीचं मागचं दार उघडं होतं. कडी गंजली होती. तिच्यावर नुकतेच ठोकलेले घाव दिसत होते. विठोजी कारखान्यात गेला नव्हता. तो उंबऱ्यावर बसून भाकरीचे तुकडे करत होता. त्याच्या भाकऱ्या जाड व्हायच्या आणि एका बाजूला करपायच्या. भिंगरी करपलेली बाजू आधी खात होती.

मल्लाप्पाने गाडी थांबवली. घाई नव्हती, या बोळात आज त्याला काही मिळणार नव्हतं. तो चाकाला टेकून उभा राहिला.

"खाते?"

"खाते."

"मी म्हटलं, तीन पायांची, म्हातारी. काय करते दिवसभर? पडून असते ना?"

विठोजीने तुकडा खाली ठेवला. शेजारी कस्तुराबाईंच्या परसात कपडे आपटायचा आवाज थांबला.

"पडून कुठली," विठोजी म्हणाला. "दर आठवड्याला शिवाजीनगरला जाते."

"शिवाजीनगरला? कशी?"

"आगगाडीनं."

मल्लाप्पाने भिंगरीकडं बघितलं, मग विठोजीकडं. हसावं की नाही ते त्याला ठरवता येईना. या माणसाला त्याने आजवर दोन शब्दांपुढं बोलताना ऐकलं नव्हतं.

"आणि तिकीट?"

"कसलं तिकीट? तपासनीस उठून तिला जागा देतो."

"सुळ्ळु," मल्लाप्पा म्हणाला. "खोटं! सरळ खोटं, अण्णा!"

विठोजीने उजवा हात उचलला आणि कमरेवर ठेवला, जरा कुशीकडं, आणि तिथंच दाबून धरला.

"शपथ," तो म्हणाला.