हॉल आणि स्वयंपाकघराच्या हद्दीवर

भिंतीत ठोकून टोप्या अडकवतात ती खुंटी मी नव्हे. मी जमिनीतली; बाभळीची, हातभर लांब. गवंडी बिराप्पानं मला तासून टोक काढलं आणि डोक्यात हातोडा घालून मलकापुरातल्या एका प्लॉटवर उभं केलं. डोक्यात घाव बसल्याखेरीज आमची नोकरी सुरू होत नाही.

साल त्र्याण्णव. सुभेदार हिंदुराव फौजेतून पेन्शनवर आले होते आणि बंगला बांधत होते. नकाशा महेंद्रचा. सांगलीचा हा पोरगा नुकताच आर्किटेक्ट झालेला, आणि हे त्याचं पहिलंच घर. नकाशाची गुंडाळी तो तान्ह्या बाळासारखी छातीशी धरून एसटीनं यायचा.

माझी नेमणूक हॉल आणि स्वयंपाकघराच्या हद्दीवर झाली. दोरी ताणली, तिच्यावरून चुन्याची फक्की मारली, खोल्या जमिनीवर उमटल्या आणि सुभेदारांचा चेहरा पडला.

"साहेब, ह्यात पावनं बसवायचं का कोंबड्या?"

महेंद्रनं समजावलं, की उघड्यावर आखलेली खोली सगळ्यांनाच लहान दिसते, भिंती चढल्या की मोठी वाटते. सुभेदारांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला आले ते मला आणि माझ्या समोरच्या जोडीदारणीला उपटून स्वयंपाकघरात फूटभर आत रोवून, जुनी फक्की पुसून नवी मारून गेले. तिसऱ्या दिवशी आणखी एक फूट. चौथ्या दिवशी दहा फुटांचं स्वयंपाकघर सातावर आलं. खुंटी हलवून बळकट करावी म्हणतात. इथं मला हलवून हॉल बळकट चालला होता.

आक्काताई, म्हणजे सुभेदारीणबाई, हे रोज बघत होत्या. वीस वर्षं फौजी क्वार्टरमध्ये त्यांनी असा संसार केला, की पोरं जेवायला आत आली की आक्काताईंनी दारात उभं राहायचं. महेंद्रकडे त्यांनी एकच गोष्ट मागितली होती: चौघं जेवायला बसली तरी आपल्याला वळता आलं पाहिजे.

महेंद्र आला, त्यानं टेप लावली आणि पांढरा पडला. आपलाच नकाशा चुकला म्हणून तीनदा मोजलं. मग त्याला माझं जुनं भोक दिसलं. बोलावं तर काम जाणार, गप्प बसावं तर त्या माउलीला दिलेला शब्द जाणार. मला त्याची फार दया आली. शेवटी त्यानं आक्काताईंना सांगितलं, की आज जेवण इथंच, प्लॉटवर वाढा.

ओट्याच्या जागी विटा रचल्या, स्टोव्ह ठेवला. चार पाट मांडले: सुभेदार, महेंद्र, बिराप्पा आणि चौथा आक्काताईंचा. महेंद्रनं अट घातली, की फक्की म्हणजे भिंत, ती कुणी ओलांडायची नाही.

पहिली भाकरी गोडीनं गेली. मग सुभेदारांनी आमटी मागितली.

"कुठनं आणू? तुमच्या पाठीला भिंत हाय आन् म्होरं बिराप्पा," आक्काताई ओट्याशी अडकून म्हणाल्या.

सुभेदार वाट द्यायला मागं सरकले.

"सुभेदार, भिंतीत बसलात," महेंद्र म्हणाला. बिराप्पाला ठसका लागला.

सुभेदार हसले नाहीत. चौथ्या रिकाम्या पाटाकडं बघत राहिले.

"वीस वर्सं आशीच वाढत हुतीस व्हय गं?"

"तुमी जेवत हुता. तुमाला कसं दिसंल?"

हात धुऊन सुभेदार सरळ माझ्याकडं आले. मला आणि माझ्या जोडीदारणीला उपटलं आणि जुन्या भोकांपलीकडं, हॉलमध्ये फूटभर आत, स्वतः ठोकलं. महेंद्रला नकाशा पुन्हा काढावा लागला, पण तो शीळ घालत एसटीत चढला.

पाया झाल्यावर मी चुलीतच जायची, पण आक्काताईंनी मला उचललं. आज सहा वर्षं मी स्वयंपाकघराचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून त्याच्या फटीत बसते. हॉलमधल्या सोफ्यावर कव्हर आहे आणि कव्हरवर धूळ. पाहुणे सरळ आत येतात, सुभेदार तिथंच मांडी घालून मेथी निवडतात. महेंद्र आता मोठा आर्किटेक्ट झालाय, पण आखणीच्या दिवशी अजून प्रत्येक घरी जेवण मागतो म्हणे.

तुम्ही घर बांधणार असाल तर एवढं ऐका. फक्की मारली की आधी तिथं पाट मांडून जेवा. आणि वाढणारीचा पाट रिकामा राहिला, तर खुंटी हलवा. आमचं डोकं घाव सोसायलाच आहे.