तिप्पट भाव

दुपारच्या सामसुमीत न्हाणीतला नळ फुसफुसला. पाणी आलं म्हणून माझी लेक रम्या बादली ढकलत गेली, तोवर शेजारचे बसवंतअण्णा कळशी घेऊन दारात हजर. त्यांच्या नळाला धार नाही.

अण्णा आमच्याच कंपनीच्या, बंगळुरातल्या के. आर. पुरमच्या कारखान्यात पंप जोडतात. मी तिथेच अकाउंट्सला.

"अक्का, यंदा बोनस कायद्यापुरताच देणार म्हणे. तोटा झालाय म्हणतात. दोन-दोन पाळ्या पंप बनवले, मग तोटा कसला? बोनसच्या भरवशावर आमच्या भाग्यलक्ष्मीला नर्सिंगला घातलंय."

"बाहेरून येणारं बेअरिंग महागलं, अण्णा," मी म्हणाले. "तिप्पट."

ते खरंच होतं. पण बेअरिंग विकणारी परदेशातली कंपनी आमच्याच कंपनीची मालक आहे, नफा तिकडे राहावा म्हणून तिनेच भाव चढवला आणि त्या भावाचा तक्ता मीच टाइप केला, हे मी गिळलं. साहेबांनी नीटस काम म्हणून कौतुक केलं, तेव्हा मला बरंही वाटलं होतं.

"सरी, ठीक आहे, परक्या कंपनीपुढे काय चालणार? तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, अक्का," असं म्हणून, उलट माझीच समजूत घालून, अण्णा भरली कळशी घेऊन गेले.

मी रम्याचे ओले पाय पदराने पुसत बसले. मागे तिला मांडीवर घेऊनच तो तक्ता तपासला होता, आणि तिने विचारलं तेव्हा सगळं सोपं करून सांगितलंही होतं.

"आई, ते विकणारे तर तुझ्याच कंपनीचे ना? मग अण्णांना का नाही सांगितलंस?"