रक्तातला लॅम्डा

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना थोरलीच्या डोक्यात डॉक्टरांचा शब्द न् शब्द जागच्या जागी होता. अर्थ मात्र एकाचाही लागत नव्हता.

हे व्हायचंच होतं. उभं आयुष्य तिनं छापखान्यात खिळे जुळवण्यात घालवलं होतं. शिशाची उलटी अक्षरं एकेक उचलायची आणि ओळीत बसवायची. हाताखाली येणाऱ्या प्रत्येकीला ती बजावायची, "बाई, वाचू नकोस. वाचायला लागलीस की चुकलीस!" अर्थात शिरायचं काम धाकट्या बहिणीचं. ती त्याच छापखान्यात प्रूफं तपासायची. आज धाकटीच्या रक्ततपासणीबद्दल बोलायला डॉक्टरांनी बोलावलं, तेव्हा तिच्या तोंडचं पाणी पळालं. "माझ्या कानात काही शिरायचं नाही, ताई. तूच जाऊन ऐकून ये." थोरली गेली आणि जन्माच्या सवयीनं नुसते शब्द जुळवून आली.

त्यातला एकच ओळखीचा होता. लॅम्डा. गणिताच्या पुस्तकांत तो यायचा आणि खणात कधी पुरायचा नाही. मग इंग्रजी व्ही उलटा बसवून वेळ मारून न्यायची. तेच अक्षर आता बहिणीच्या रक्तात वाढलं होतं म्हणे.

वाटेत जावयाचं गॅरेज लागलं. तिनं विचारलं तसा तो गाडीखालून अर्धा बाहेर आला.

"लॅम्डा? तो सेन्सर सायलेन्सरच्या नळीत असतो, आई. पेट्रोल नीट जळतंय का, ते सांगतो. बिघडला की बदलायचा, गाडी पुन्हा पळायला लागते."

"बदलता येतो?"

"हा हा म्हणता. कुणाची गाडी?"

"धाकटीची," म्हणत ती चालू लागली.

"मावशींनी गाडी कधी घेतली?" तो मागून ओरडत राहिला.

घरी नात कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम लिहीत बसली होती. "लॅम्डा म्हणजे बिननावाचं फंक्शन, आजी. एकदा वापरायचं आणि सोडून द्यायचं."

"सोडून द्यायचं?" थोरली मटकन खुर्चीत बसली.

"अगं, मी माझ्या कामातलं सांगतेय!" नातीनं घाईघाईनं फोन उघडला. "प्रकाशलहरीची लांबी, तीही लॅम्डाच. आणि हे बघ, कवटीत मागच्या बाजूला हाडांचे सांधे मिळतात, त्या जागेलाही लॅम्डाच म्हणतात."

थोरलीचा हात नकळत डोक्यामागं गेला. एक ना धड, भाराभर चिंध्या! एवढं सगळं एका अक्षरात मावतं, आणि आपण त्याला उलटा व्ही समजत होतो. बहिणीला आता सांगायचं तरी काय?

समोरच्याच घरात धाकटी वाट बघत होती. पुढ्यातल्या चहावर साय धरली होती.

"बोल."

"मला काहीच कळलं नाही गं."

"तुला कधी कळलंय? जसंच्या तसं सांग. प्रूफ मोठ्यानं वाचतात तसं, विरामचिन्हांसकट."

थोरलीनं डोळे मिटले. मांडीवर तिची बोटं आपोआप खिळे उचलू लागली. "त्यांच्या रक्तात लॅम्डा जातीचं प्रथिन वाढलंय, पूर्णविराम. एवढ्यावरून रोग ठरत नाही, पूर्णविराम. हाडं दुखत नसतील, स्वल्पविराम, तर आज औषध नको, नुसतं लक्ष ठेवू, पूर्णविराम. दुखतात का, प्रश्नचिन्ह."

"थांब. मग तू काय म्हणालीस?"

"मी नाही म्हणाले. तू कधी बोलली नाहीस, मग मी काय म्हणणार?"

धाकटीनं चहाचा कप उगाच बाजूला सारला.

"पाठ दुखते गं. आत, हाडात दुखते."

"आणि हे मला आज सांगतेस?"

"तुला सांगून काय, नुसती रडत बसली असतीस."

"रडायचं मागाहून बघू. चल ऊठ, दवाखाना उघडा असेल अजून. मी चुकीचं सांगून आलेय, ते तसंच राहायला नको."

"पण ताई, लॅम्डा म्हणजे नेमकं काय झालंय मला?"

"मला नाही माहीत. गाडीतला नव्हे, एवढं नक्की."

धाकटीला हसू आलं. मग ती टेबलाचा कोपरा सोडून भिंतीला हात लावत, थांबत थांबत उठली. भिंतीवर बरोबर त्या उंचीला रंग हात लागून लागून कधीचाच काळवंडलेला होता.