पाठमोरी परेड

परेड म्हणजे काय, असं फौजेत असताना कुणी विचारलं असतं, तर सुभेदार शहाजी म्हणाले असते, दाढी. पहाटे मैदानात रांग लावायची आणि कुणाच्या हनुवटीवर खुंट राहिलेत का ते तपासायचं. प्रेक्षक नसत. एका वर्षी मात्र ते सव्वीस जानेवारीच्या तुकडीत चालले आणि गावाकडे त्यांच्या बायकोला, तानूबाईंना, परेड म्हणजे टीव्ही असं कळलं. सगळ्यांच्या टोप्या सारख्या, मिशा सारख्या. नवरा काही ओळखू येईना. शेवटी बाईंनी निरांजन घेतलं आणि सबंध तुकडीलाच ओवाळलं.

आता तानूबाई नाहीत. शहाजी दिल्लीत मयूर विहारला लेकीकडे, प्रज्ञाकडे राहतात. तिथे सव्वीस जानेवारीला सोसायटीची स्वतःची परेड निघते. फुगे लावलेली ई-रिक्षा, पऱ्या झालेल्या मुली आणि सगळ्यांच्या पुढे झेंडा. तो झेंडा एकदा तरी आपल्या हाती यावा, एवढीच शहाजींची इच्छा उरली होती. कोट धुऊन आला होता, पदकं घासून झाली होती. सेक्रेटरी परीक्षित, मूळचा पुण्याचा, आयटीतला, "काका, तुम्ही बिल्कुल फायनल," असं दोनदा म्हणून गेला होता.

तिसऱ्यांदा तो आला तो वेगळ्याच कामाला.

"काका, एक छोटी परेड घ्यायची आहे. बेसमेंटमध्ये, मेड्सची."

चौथ्या मजल्यावरच्या देविकाच्या मोत्यांच्या कुड्या नाहीशा झाल्या होत्या. लिफ्टपाशी तिने एक बाई पाहिली होती, पाठमोरी.

"पोलीस?" शहाजींनी विचारलं.

"पोलीस कशाला, यार? घरातली गोष्ट. तुमचा आवाज आहे. रांगेत उभं करा, पाठ फिरवायला लावा. देविकावहिनी बघतील."

"पाठ बघून ओळखणार?"

"अंदाज येईल म्हणतात. आणि सव्वीसचा झेंडा तुमचाच," परीक्षितने जाता जाता सांगितलं, वाण्याने पुडीवर चार शेंगदाणे जास्त टाकावेत तसं.

शहाजी गेले. गाड्यांच्या मधे बायका शाली घट्ट ओढून उभ्या होत्या. त्यांत प्रभाही होती, प्रज्ञाकडे भांडी घासणारी. रॅम्पवर रहिवासी मोबाईल धरून तयार होते.

"सावधान."

प्रभाने पाय जुळवले. तिचं बघून बाकीच्यांनी.

"पीछे मुड़."

कुणी डावीकडून वळली, कुणी उजवीकडून. एवढ्या वर्षांत शहाजींनी परेडची तोंडं तपासली होती. भिंतीकडे तोंड करून उभी असलेली परेड त्यांनी पाहिली नव्हती. प्रभाची पाठ ते रोज मोरीपाशी बघत. तरी या रांगेत ती कुठली, ते त्यांना सांगता येईना.

त्यांनी घसा साफ केला.

"पीछे मुड़."

तोंडं परत समोर आली.

"काका, वहिनी अजून लिफ्टमध्ये आहेत," परीक्षित कुजबुजला.

"परेड ज्यानं लावली त्यानंच सोडायची असते. तसा कायदा आहे."

"मग चोर कसा सापडणार?"

"पोलिसांना बोलाव. नाहीतर सगळी सोसायटी उभी कर, पहिला मी राहतो."

"काका, मग झेंड्याचं मी काही प्रॉमिस नाही करू शकत."

शहाजींनी मान हलवली. "परेड, विसर्जन."

बायका हलेनात. हा हुकूम त्यांना ठाऊक नव्हता. अधिकारी हजर असला, तर विसर्जनाला सॅल्यूट करायचा असतो. शहाजींनी टाचा जुळवल्या आणि रांगेला सॅल्यूट केला. प्रभाने डावाच हात कपाळाला लावला. मग एकेक करून सगळ्या कामाला निघाल्या.

कुड्यांचं पुढे काय झालं, ते शहाजींना कुणी सांगितलं नाही. झेंडा जिम चालवणाऱ्या निखिलने धरला.

सव्वीसला शहाजी कोट घालून टीव्हीसमोर बसले. खालून लाऊडस्पीकरचा आवाज येत होता.

"आबा, खाली नाही जायचं?" प्रज्ञाने विचारलं.

"नाही."

पडद्यावर तुकडी आली. त्यांनी निरांजन उचललं. प्रभा ओल्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"इनमें आपका कौन है, बाबूजी?"

शहाजींनी नीट निरखून पाहिलं.

"पता नहीं," ते म्हणाले, आणि ओवाळू लागले.