जुन्या पत्त्यावरचं शून्य

“शून्याचं लिहिलंस का गं?” निवृत्तीच्या दिवशी टेबल आवरता आवरता दिनानाथ सरांनी विचारलं होतं. “तो कॉल मेमरी दुसरीकडे हलवतो आणि जुना पत्ताही उघडा ठेवतो. पण तिथे आता काही नसतं. वाचायला गेलं की नुसतं शून्य हाती येतं. ठळक लिही.”

“सर, तो वापरतो कोण?” तेजल हसली होती. ऑपरेटिंग सिस्टिमच्या असल्या अडगळीतल्या कॉलची, म्हणजे प्रोग्रॅमने सिस्टिमला द्यायच्या आज्ञांची, माहिती लिहिणं हेच तिचं काम. पण तेव्हा आठवा महिना सरत होता, पाय सुजलेले. तिने जुन्याच पत्त्यावरून वाचणारा नमुन्याचा कोड लिहून ते ऑनलाइन पान संपवलं. शून्याची ओळ राहिली ती राहिलीच.

आज, दीड वर्षानं, बोईसरच्या घरात लेकीला पेज भरवताना तिने ऑफिसचा निरोप उघडला. नवा इंजिनियर दर्पण लिहीत होता : ‘मॅडम, तुमचा नमुना गॅस अलार्मच्या पॅनेलमध्ये जसाच्या तसा घेतला. काल बसवला. रीडिंग एकदम स्थिर, शून्य.’ खाली कारखान्याचं नाव होतं.

चमचा हातातच राहिला. तिचा नवरा निमेश त्याच पॅनेलसमोर सात ते तीन बसायचा; आताही तिथेच होता. ‘आकडा दोन-तीनवर तरी नाचतोच,’ म्हणायचा. ‘शून्य मी कधी बघितलंच नाय.’

दर्पण फोन उचलेना. निमेशचा मोबाईल गेटवर जमा. तिने गेटचा नंबर लावला. वॉचमनने उचलला.

“मैडम, अंदर फोन अलाउड नहीं है.”

“भैया, उनको बाहर बुलाओ! पैनल गलत दिखा रहा है!”

“काहे का गलत? इधर बोर्ड पे भी जीरो है. जीरो मतलब सब बढ़िया. टेन्शन मत लो.”

फोन ठेवलासुद्धा त्याने.

“काय झाला गो?” वाल सोलणाऱ्या सासूबाईंनी मान वर केली. “भूत बगितल्यासारखी काय बसलीस?”

“माई, हिला घ्या. मी निमेशकडे जाते.”

“आता? डबा तर नेलाय त्यानं.”

“डब्याचं नाय हो, माई...” तिने लेकीला त्यांच्यापुढे धरलं. माईंनी वालाची परात बाजूला सारली आणि नात कडेवर घेतली.

रिक्षावाला फोनवर म्हणाला, रेल्वेचं फाटक पडलंय, यायला दहा मिनिटं लागतील. दहा मिनिटं! तिने लॅपटॉप ओढला. पॅनेल बसवणारी पोरं कारखान्यात बसून हेच पान उघडतात, हे तिला ठाऊक होतं. तिने आपला नमुना पुसला. पानाच्या अगदी वर तिने लिहिलं :

‘जुन्या पत्त्यावरचं शून्य खरं नाही. हे मी तेव्हाच लिहायला हवं होतं, लिहिलं नाही. पुढे वाचू नका. आधी माणसं बाहेर काढा. तुम्ही बोईसरच्या कारखान्यात असाल, तर पॅनेलसमोरच्या खुर्चीत निमेश नावाचा माणूस आहे. त्याला हाक मारा. तो ओ देतो का, एवढं बघून या.’